साक्यात बसणारं प्रोटीन म्हणजे अमायलॉइड समजायचं का?

निळी_प्लेट

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय इथे, लांबण लागली तर सांभाळून घ्या. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं एक प्रोटीन दिलंय. जीवाणू ते पेशीबाहेर सोडतो एवढं माहितीये, काम काय करतं ते कुणी शोधलेलं नाही, म्हणूनच घेतलंय. जीन ई. कोलायमध्ये घातलेला आयता मिळाला (आधीच्या बॅचचा प्लाझ्मिड आहे), ३७ डिग्रीला वाढवलं, १ मिलिमोलर आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) दिलं, चार तासांनी पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केलं आणि जेलवर बघते तर सगळंच्या सगळं साक्यात (तळाशी बसलेल्या गाळात), वरच्या पाण्यात नावालाही नाही. तीनदा केलं, तीनदा तेच.

मग सिनियरने सुचवलं म्हणून साका धुऊन त्यात थायोफ्लेविन टी (अमायलॉइडला, म्हणजे प्रोटीन थरावर थर रचून झालेल्या धाग्यांना, चिकटून चमकणारा डाय) घातलं तर छान चमकलं, ४८५ नॅनोमीटरच्या आसपास. नुसत्या बफरमध्ये काहीच नाही. आता आमच्या लॅबमध्ये दोन गट पडलेत. एक म्हणतो हा कचरा आहे, प्रोटीन बदल. दुसरा म्हणतो हे अमायलॉइड आहे, स्टॅफ असले धागे खरोखर बनवतो, त्यामुळे हीच मोठी गोष्ट असू शकते. मला मनापासून दुसरं खरं असावंसं वाटतंय, पण वाटणं वेगळं ना.

अजून एक, अल्फाफोल्डमध्ये (क्रमावरून प्रोटीनचा आकार वर्तवणारा प्रोग्रॅम) टाकलं तर मधला सगळा भाग गडद निळा येतो, म्हणजे रचना चांगली भरवशाची आहे. मग इतकी नीट घडी असलेलं प्रोटीन गुठळ्या का करतं? हेच मला कळत नाहीये.

घडी_उलगड

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

अल्फाफोल्ड तुला एका साखळीचा शेवटचा आकार दाखवतो. ती साखळी तिथपर्यंत कशी पोचते, वाटेत कुणाला चिकटते, आजूबाजूला तिच्यासारख्या लाखभर साखळ्या असल्या तर काय होतं, यातलं काही त्याच्या चित्रात नसतं. आन्फिन्सेनने रायबोन्यूक्लिएज ए पूर्ण उलगडून परत आपलं आपण घडी होताना दाखवलं, १२४ अमिनो आम्लं, चार डायसल्फाइड बंध, सगळे जागच्या जागी आले, त्याला १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यावरून आपण सगळे शिकतो की आकाराची माहिती क्रमातच असते, आणि ते खरंच आहे. फक्त तो प्रयोग पातळ द्रावणात होतो, जिथे एक साखळी दुसरीला सहसा भेटत नाही. पेशीच्या आत दर मिलिलिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास मोठे रेणू कोंबलेले असतात. शिवाय तू टी७ प्रमोटर (जीन जोरात चालवणारा डीएनएचा तुकडा) वापरला असशील, तर टी७ चं पॉलिमरेज ई. कोलायच्या स्वतःच्या पॉलिमरेजपेक्षा कित्येक पट वेगाने आरएनए काढतं, रायबोसोम सेकंदाला १५-२० अमिनो आम्लं जोडतो, अर्धवट घडीच्या साखळ्यांचा नुसता लोंढा येतो आणि त्यांचे तेलकट भाग अजून आत गेलेले नसतात. ते भाग एकमेकांना सापडले की झालं. ग्रोइएल वगैरे शॅपेरॉन (घडीला मदत करणारी प्रोटीन) असतात पण त्यांचीही हातांची संख्या ठरलेली, आणि ग्रोइएलच्या पिंपासारख्या पोकळीत साधारण ६० किलोडाल्टनच्या वरचं प्रोटीन मावत नाही.

म्हणजे नीट घडी असलेलं प्रोटीनही गुठळ्या करतं, घडी व्हायच्या आधी.

पण हे सगळं नंतर. आधी सांग, हे प्रोटीन बाहेर सोडलं जातं म्हणालीस, तर त्याच्या सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड (पेशीबाहेर जायचा पत्ता सांगणारा तुकडा) असणार. तो काढलाय का कन्स्ट्रक्टमधून? अल्फाफोल्डच्या चित्रात सुरुवातीला पिवळी-नारिंगी (म्हणजे कमी भरवशाची) शेपटी दिसतेय का? आणि सिस्टीन (डायसल्फाइड बंध करणारं अमिनो आम्ल) किती आहेत?

निळी_प्लेट

सिस्टीन एकही नाही. शेपटी आहे, नारिंगी, मला वाटलं ते असंच असतं म्हणून तिकडे लक्षच दिलं नाही. सिग्नल पेप्टाइडचं बघावं लागेल, प्लाझ्मिड मी केलेला नाही, क्रम उद्या काढते.

तांबडी_कॉलनी

अमायलॉइडच्या बाजूने कुणीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी बोलते, माझी चार वर्षं साल्मोनेलाच्या कर्लीवर गेलीत आणि मला त्या धाग्यांबद्दल खरंच जिव्हाळा आहे.

आधी हे समजून घे की अमायलॉइड म्हणजे रोगाचा कचरा ही समजूत मेंदूच्या आजारांमुळे पसरली. जीवाणू ते मुद्दाम विणतात. ई. कोलायच्या अंगावर कुरळे धागे असतात हे १९८९ मध्ये छापून आलं, नाव कर्ली तिथूनच पडलं, आणि ते अमायलॉइड आहेत हे कळायला २००२ उजाडलं. तोपर्यंत लोक त्यांना पिलीचाच (जीवाणूच्या अंगावरच्या साध्या केसांचाच) एक प्रकार समजत होते. बरं ते विणणं इतकं काटेकोर आहे की बघत राहावं. मुख्य प्रोटीन सीएसजीए, त्यात एकासारखे एक पाच तुकडे. पेशीच्या आत हे चुकून जरी जमायला लागलं तर जीवाणूचंच नुकसान, म्हणून आतल्या आणि बाहेरच्या पडद्यामधल्या जागेत सीएसजीसी नावाचं छोटं प्रोटीन त्याला जमू देत नाही. बाहेरच्या पडद्यात सीएसजीजीचं नऊ घटकांचं भोक, त्यातून सीएसजीए न घडलेल्या अवस्थेतच बाहेर जातं. आणि बाहेर पडल्यावर पृष्ठभागाला टेकून बसलेलं सीएसजीबी त्याला पहिला साचा देतं, मग एकावर एक थर. म्हणजे कुठे जमायचं, कधी जमायचं, कुणी सुरुवात करायची, सगळ्याला वेगळा जीन. आणि हे सगळं सीएसजीडीच्या हुकमाने, बहुतेक स्ट्रेनमध्ये ३० डिग्रीच्या खाली, मीठ कमी असताना. आम्ही मीठ न घातलेल्या काँगो रेडच्या (कर्लीला रंगवणाऱ्या डायच्या) प्लेटवर २८ डिग्रीला दोन दिवस ठेवतो आणि कॉलनी लाल, कोरडी, सुरकुतलेली येते. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी प्लेट घेऊन सगळ्या मजल्यावर फिरले होते.

आता तुझ्याकडे बघू. वर जे सांगितलं त्यातलं तुझ्याकडे काय आहे? एक जमणारं प्रोटीन आणि चमकणारा डाय. स्टॅफच्या आत, स्टॅफला हवं तेव्हा, हे जमतं असा काहीच पुरावा नाही. ई. कोलायच्या पोटात, चुकीच्या जागी, भरमसाठ प्रमाणात जमतंय. आणि इन्क्लुजन बॉडीत (पेशीत साठलेल्या प्रोटीनच्या साध्या गुठळीत) सुद्धा बीटा पट्ट्या रचलेला अमायलॉइडसारखा भाग सापडतो, त्यामुळे थायोफ्लेविन टी तिथेही चमकतं. तुझा कंट्रोल नुसता बफर आहे. तोच वेक्टर (प्लाझ्मिड), त्यातून दुसरं कुठलंतरी प्रोटीन जे साक्यातच जातं आणि ज्याला कुणी अमायलॉइड म्हणत नाही, ते घेऊन तोच डाय घाल. तेही चमकलं तर तुझ्या चमकेतून काही सिद्ध होत नाही.

अजून एक सोपी परीक्षा आहे. साका ८ मोलर युरियात टाक. साध्या इन्क्लुजन बॉडी बहुतेक करून विरघळतात. कर्ली एसडीएसमध्ये उकळली तरी जेलच्या विहिरीतच बसून राहते, खाली उतरतच नाही, फॉर्मिक आम्लाने आधी मोडावी लागते तेव्हा बँड दिसतो. तुझं प्रोटीन साध्या लोडिंग बफरमध्ये उकळल्यावर जेलवर सरळ आपल्या वजनाला उतरलंय ना? तू स्वतःच लिहिलंयस की जेलवर दिसलं. मला तिथेच शंका आली.

निळी_प्लेट

हो, बँड अगदी जागेवर येतो, जाडजूड. विहिरीत काही अडकलेलं नाही. म्हणजे मी पुरावा हातात धरून बसले होते आणि वाचलाच नव्हता.

पण ताई, स्टॅफचे धागे म्हणून जे सांगतात ते मग काय?

तांबडी_कॉलनी

ते फिनॉल सॉल्युबल मॉड्युलिन, पीएसएम. ते खरे आहेत पण ते फार वेगळं प्रकरण आहे. पीएसएम अल्फा ३ अवघं २२ अमिनो आम्लांचं. तुझं तर अख्खं घडीचं प्रोटीन. पीएसएमला सिग्नल पेप्टाइड नसतोच, त्याला बाहेर न्यायला पीएमटी नावाचा वेगळा पंप आहे. आणि रचनेच्या बाबतीत तर त्याने सगळ्यांनाच चकवलं. अमायलॉइड म्हणजे धाग्याला आडव्या बीटा पट्ट्या, ४.७ अँगस्ट्रॉमच्या अंतराने, हे आपण पाठ केलेलं असतं. २०१७ मध्ये त्याचा क्रिस्टल बघितला तर बीटा नाहीच, अल्फा हेलिक्स तशाच रचून धागा झालेला. क्रॉस-अल्फा नाव दिलं त्याला. आणि त्याच घरातली अल्फा १ आणि अल्फा ४ ही भावंडं मात्र नेहमीच्या बीटा पट्ट्यांचे धागे करतात. इतकी छोटी पेप्टाइडं, एकाच जीवाणूची, आणि रचना दोन टोकांची. अल्फा ३ आपल्या न्यूट्रोफिलना (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना) मारतं. ते काम धागा करतो की सुटा पेप्टाइड, यावर अजून भांडणं चालू आहेत, बायोफिल्ममध्ये (जीवाणूंच्या चिकट थरात) धाग्यांचा वाटा किती यावरही.

जुनाट_पिपेट

वरचं सगळं बरोबर, फक्त "कचरा" या शब्दावर मला आक्षेप आहे, तो ज्या गटाने वापरला त्यांना सांग.

इन्क्लुजन बॉडी म्हणजे प्रयोग फसला असं मानायची सवय लागलीये. १९७८ मध्ये माणसाचं इन्सुलिन ई. कोलायमध्ये बनवलं तेव्हा ए आणि बी साखळ्या वेगवेगळ्या, बीटा गॅलॅक्टोसिडेजला जोडून बनवल्या होत्या, त्या गुठळ्यांतच साठत होत्या आणि गुठळ्या होत्या म्हणूनच ई. कोलायच्या प्रोटिएजने त्या खाऊन टाकल्या नाहीत. १९८२ ला ते औषध म्हणून मंजूर झालं. साका धुतला की बऱ्यापैकी शुद्ध प्रोटीन हातात येतं, युरिया किंवा ६ मोलर ग्वानिडीनमध्ये उलगड, मग हळूहळू पातळ करत परत घडी होऊ दे. सगळ्यांचं जमत नाही, तुझ्यात सिस्टीन नाहीत त्यामुळे निम्मं दुखणं आधीच कमी आहे.

पण त्याच्या आधी तापमान उतरव. १८ डिग्री, रात्रभर, आयपीटीजी ०.१ मिलिमोलर. तेलकट भागांची एकमेकांना धरायची ओढ थंडीत कमी होते आणि रायबोसोमही सावकाश चालतो, घडी व्हायला उसंत मिळते. एमबीपी टॅग (विरघळायला मदत करणारं जोड-प्रोटीन) लावूनही बघता येईल पण टॅग कापल्यावर पुन्हा साक्यात बसलं असं मी इतक्यांदा बघितलंय की टॅगने विरघळलं म्हणजे घडी नीट झाली असं मी मानत नाही. जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार प्रोटीन वेगळं करणारा कॉलम) केल्याशिवाय विश्वास ठेवू नकोस. विरघळलेल्या दिसणाऱ्या गुठळ्या पण असतात, कॉलमच्या अगदी सुरुवातीला सगळ्यात आधी बाहेर पडतात.

आणि कोडॉन (एकेका अमिनो आम्लाची जीनमधली तीन अक्षरी खूण) बघ. स्टॅफच्या जीनोममध्ये जीसी (डीएनएतली जी आणि सी अक्षरं) ३३ टक्क्यांच्या आसपास, ई. कोलायमध्ये ५० च्या वर. मूळ जीन जसाच्या तसा घातला असेल तर रायबोसोम अडखळत असेल.

क्लिनिक_बाजू

मी रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजीत आहे, प्रोटीन शुद्ध करण्यातलं मला फार कळत नाही, पण गुठळ्यांचा विषय निघालाय म्हणून एक बाजू मांडतो जी माझ्या रोजच्या कामात येते.

कॅथेटरवरचं स्टॅफचं इन्फेक्शन, अँटिबायोग्राममध्ये (कुठलं औषध लागू पडतं त्या चाचणीत) संवेदनशील, औषध बरोबर, डोस बरोबर, आणि आठ दिवसांनी ताप परत. परत कल्चर केलं तर तोच जीवाणू, तितकाच संवेदनशील. रेझिस्टन्स आलेलाच नाही. घरच्यांना हे समजावून सांगणं फार अवघड जातं, कारण रिपोर्टमध्ये औषध लागू पडतंय असं लिहिलेलं असतं. बायोफिल्म हे एक कारण, आणि दुसरं पर्सिस्टर, म्हणजे झोपी गेलेले मोजके जीवाणू. हे नाव १९४४ मध्ये जोसेफ बिगरने दिलं, स्टॅफवर पेनिसिलिन टाकून थोडे उरतात हे बघून. इतकी वर्षं ते झोपतात कसे यावर टॉक्सिन-अँटिटॉक्सिन वगैरे बऱ्याच कल्पना झाल्या, पण गेल्या काही वर्षांत जे वाचलं त्याने मी हललो. ई. कोलायवर दाखवलंय की पेशीतलं एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) उतरलं की प्रोटीनच्या गुठळ्या साठायला लागतात, आणि जितक्या जास्त तितकी पेशी गाढ झोपते. औषध जिथे घाव घालतं ती यंत्रणाच बंद, तर औषध मारणार कुणाला. आणि जागं व्हायच्या आधी पेशी त्या गुठळ्या सोडवते, डीएनएके आणि क्लिपबी ही दोन शॅपेरॉन मिळून. क्लिपबी सहा घटकांचं कडं आहे, गुठळीतून एकेक साखळी भोकातून दोऱ्यासारखी ओढून काढतं.

म्हणजे जी गोष्ट तुमच्या लॅबमध्ये अपघात, ती इथे निवारा होतेय. मला हे वाचल्यापासून त्या आठव्या दिवशीच्या तापाकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं.

उलटंही आहे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी औषधं रायबोसोमच्या ३० एस भागाला धरतात आणि चुकीची अमिनो आम्लं बसवायला लावतात, त्यातून वाकडी प्रोटीन तयार होतात, त्यांचा जीवाणूला मारण्यात वाटा असतो. म्हणजे थोड्या गुठळ्यांनी वाचतो आणि जास्त झाल्या, किंवा भलत्या प्रोटीनच्या झाल्या की मरतो, असंच काहीतरी असावं.

घडी_उलगड

@क्लिनिक_बाजू सर, यात टीबीचं उदाहरण घाला. मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिसमध्ये मोडलेली, ऑक्सिडाइज झालेली प्रोटीन गोळा होतात आणि पेशी विभागताना दोघींत सारखी वाटली जात नाहीत, एकीच्या वाट्याला ओझं जास्त येतं. त्यात क्लिपबीचा हात आहे. ई. कोलायमध्ये हेच २००८ मध्ये आयबीपीएला (गुठळीला चिकटणाऱ्या प्रोटीनला) पिवळा प्रकाश देणारं प्रोटीन जोडून डोळ्यांनी बघितलंय. गुठळी जुन्या टोकाला जाऊन बसते आणि ते टोक ज्या लेकीला मिळतं ती हळू वाढते. दोन्ही लेकी एकाच डीएनएच्या. आपण ज्याला एकसारखी कॉलनी म्हणतो तिच्यात कुणाची पाठ भरलेली, कुणाची मोकळी, आणि औषध दोघींना एकच दिसतं.

क्लिपबीला अडवणारं औषध शोधण्यामागे लोक लागलेत ते यामुळेच. आपल्या पेशींच्या सायटोसोलमध्ये ते नाही. मायटोकाँड्रियात त्याचा एक नातेवाईक आहे, तिथे जपून राहावं लागेल.

तांबडी_कॉलनी

आणि बेल्जियममध्ये ल्यूवनला एका लॅबने याच्या पुढे जाऊन जीवाणूच्याच प्रोटीनमधले सहज चिकटणारे छोटे तुकडे शोधले, तसेच पेप्टाइड बनवून बाहेरून दिले, तर आत जाऊन जीवाणूची स्वतःचीच प्रोटीन धडाधड गुठळ्या करायला लागली आणि तो मेला. स्टॅफवर आणि ई. कोलायवर दोन्हीकडे दाखवलंय. माझ्या आवडीच्या पेपरांत तो कायम वर असतो.

सावली_७७

मधेच विचारतो, माफ करा, मी बायोलॉजीचा नाही, घरात पार्किन्सनचा रुग्ण आहे म्हणून हा विषय वाचत असतो. आतड्यातल्या जीवाणूंच्या कर्लीमुळे पार्किन्सन होतो असं एका व्हिडिओत बघितलं. खरंय का? आतडं साफ करायचं काही औषध घ्यायला हवं का?

तांबडी_कॉलनी

दादा, त्या व्हिडिओवरून काही औषध सुरू करू नका, एवढं कळकळीने सांगते. जे झालंय ते असं, उंदरांमध्ये, ज्यांच्यात माणसाचं अल्फा सिन्यूक्लिन (पार्किन्सनमध्ये मेंदूत साठणारं प्रोटीन) मुद्दाम जास्त बनवलेलं असतं, त्यांच्या आतड्यात कर्ली बनवणारं ई. कोलाय सोडलं तर हालचालीतला बिघाड वाढला, कर्ली न बनवणाऱ्याने तसा वाढला नाही. २०२० चं काम आहे ते, चांगलं काम आहे. पण तो आधीच त्या आजाराकडे झुकवलेला उंदीर आहे. माणसाला कर्लीमुळे पार्किन्सन होतो असं त्यातून निघत नाही, आणि आतड्यातलं ई. कोलाय मारून आजार थांबतो असं तर कुणीच दाखवलेलं नाही. सुरू असलेली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. घरच्यांना बरं वाटो.

सावली_७७

धन्यवाद ताई. घेणार होतो, थांबतो.

निळी_प्लेट

तीन आठवड्यांनी परत आलेय.

क्रम काढला. पहिली २७ अमिनो आम्लं म्हणजे अख्खा सिग्नल पेप्टाइड तसाच होता. हिस टॅग (शुद्ध करायला सोपं जावं म्हणून जोडलेला तुकडा) शेवटाला लावलेला, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. स्टॅफच्या पडद्यातून जायला बनलेला तेलकट दांडा घेऊन ते प्रोटीन ई. कोलायच्या आत फिरत होतं, मग चिकटणार नाही तर काय. नवीन प्रायमर मागवले, तो भाग उडवला, जीन कोडॉन बदलून घ्यायला पैसे नाहीत म्हणून दुर्मिळ टीआरएनए जास्त बनवणारा ई. कोलाय स्ट्रेन शेजारच्या लॅबकडून आणला, १८ डिग्री, ०.१ मिलिमोलर. साधारण निम्मं वरच्या पाण्यात आलं! जेल फिल्ट्रेशनवर एकच शिखर, एका साखळीच्या वजनाच्या जागी, सुरुवातीला थोडासा उंचवटा आहे पण छोटा.

जुना साका ८ मोलर युरियात पूर्ण विरघळला. आणि ताईंनी सांगितलेला कंट्रोल केला, आमच्याच लॅबमधलं एक एन्झाइम जे नेहमी साक्यात जातं, त्यानेही थायोफ्लेविन टी चमकवलं, माझ्यापेक्षा थोडं जास्तच. शुद्ध केलेलं प्रोटीन ३७ डिग्रीला हलवत ४८ तास डायसोबत ठेवलं, रेघ सपाट. त्या रात्री थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, धागे असावेत असं फार वाटत होतं.

पण आता हातात घडी झालेलं प्रोटीन आहे आणि फ्रीजमध्ये चार दिवस झाले तरी स्वच्छ आहे. क्रिस्टलच्या प्लेट परवा लावतेय, ८ मिलिग्रॅम दर मिलिलिटरला पोचलेय. जुनाट_पिपेट सर, तो सुरुवातीचा छोटा उंचवटा वेगळा काढून टाकू की आधी गाळून परत कॉलमवर चढवू?

जुनाट_पिपेट

वेगळा काढ आणि फेकू नकोस, शिखराच्या मधल्या तीनच फ्रॅक्शन प्लेटला वापर. आणि प्लेट लावायच्या दिवशीच सकाळी १० मिनिटं जोरात सेंट्रिफ्यूज करून वरचंच घे. तळाशी काही दिसलं नाही तरी कर.